मशीन तेच, मालक तिसरा

माझ्या धाकट्या भावाने एका माणसाला मारलं. हे आधीच सांगून टाकते, कारण असल्या गोष्टी सांगणारे लोक "आमचा तसा गरीब गाय आहे हो" अशी सुरुवात करतात आणि ऐकणारा मनातल्या मनात हसतो. आमचा गरीब गाय नाही. आम्ही दुष्काळी भागातून आलेले, चाकणजवळ कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहतो. पाण्याच्या मोटरची किल्ली चाळमालकाच्या पुतण्याकडे असायची आणि त्याला जाग येईल तेव्हा पाणी यायचं. एका सकाळी आई हंडा घेऊन तासभर उभी राहिली, तेव्हा तो तिला म्हणाला, "तुमच्या मुलखात आठ-आठ दिवस पाणी बघत नव्हता, इथं आल्यावर रोज अंघोळ पाहिजे होय?" भावाच्या हातात लोखंडी बादली होती. पुतण्याचा पुढचा एक दात पडला.

दात पडला की कायद्याच्या लेखी दुखापत 'गंभीर' होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. नुसता गाल सुजला असता तर चौकीत चहा पिऊन मिटलं असतं. भावाने मारलं ते मी चांगलं म्हणत नाही. पण पुतण्याने नंतर खोटा दात बसवला, तो आधीच्या दातापेक्षा सरळ आहे, आणि तरी अजून तो लोकांना तोंड उघडून दाखवतो, तेव्हा मला त्याची कीव येत नाही, हेही खरं.

भावाने कोर्टात गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा, वय कमी, कामाला आहे, हे बघून मॅजिस्ट्रेटने त्याला तुरुंगात न पाठवता दोन वर्षांच्या बाँडवर सोडलं. कोर्टाच्या भाषेत याला परिविक्षा म्हणतात. आमच्या चाळीत 'सुटला' म्हणाले. सुटला वगैरे काही नव्हता. दर महिन्याला शहरात परिविक्षा अधिकाऱ्यासमोर जाऊन हजेरी द्यायची, दारू प्यायची नाही, कुणाच्या अंगावर जायचं नाही, आणि पत्ता किंवा नोकरी बदलायची असेल तर आधी लेखी परवानगी घ्यायची. यातलं एक जरी मोडलं तर कोर्ट परत बोलावणार आणि दाताची शिक्षा देणार.

सोळा महिने त्याने एक हजेरी चुकवली नाही. पहिले अधिकारी निवृत्तीला आलेले होते. ते वर न बघता विचारायचे, "दारू?"

"नाही सायेब."

"भांडण?"

"नाही सायेब."

"काम?"

"चालू हाय."

"जा."

एवढ्यासाठी तो एक दिवसाचा पगार आणि महिन्याचा हजेरी बोनस घालवायचा. पण मला ते अधिकारी आता देवमाणूस वाटतात, कारण त्यांना कामाबद्दल खरं उत्तर हवं होतं, कागद नव्हता.

आता ज्यांनी चाकणच्या कंपनीत कधी पाऊल टाकलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. माझा भाऊ एका मोठ्या कंपनीत प्रेसवर काम करतो. पत्रा घालायचा, बटण दाबायचं, गाडीचा भाग बाहेर येतो. पण कंपनी त्याची मालक नाही. मालक कंत्राटदार. आणि कोणताही कंत्राटी कामगार सात महिन्यांच्या वर सलग ठेवायचा नाही, कारण जास्त दिवस भरले की तो उद्या 'मला कायम करा' म्हणून उभा राहील. म्हणून सात महिने झाले की 'ब्रेक'. गावाकडच्या माणसाला ब्रेक म्हटलं की सुट्टी वाटेल. तसं काही नाही. ब्रेक फक्त कागदावर असतो. आमच्या कंत्राटदाराच्या तीन फर्म आहेत, एक स्वतःच्या नावाची, एक बायकोच्या, एक मेव्हण्याच्या. सात महिन्यांनी भाऊ पहिल्या फर्ममधून 'राजीनामा' देतो, पंधरा दिवसांनी दुसऱ्या फर्ममध्ये 'रुजू' होतो. मधले पंधरा दिवसही तो त्याच प्रेसवर असतो. गेटवर साध्या चिठ्ठीवर आत घेतात आणि त्या दिवसांचा पगार पुढे ओव्हरटाइम म्हणून दाखवतात. मशीन तेच, शिफ्ट तीच, बस तीच, कँटीनमधली पातळ आमटीसुद्धा तीच. बदलते फक्त गेटपासची दोरी. निळीची हिरवी, हिरवीची पिवळी, पिवळीची परत निळी.

त्या पट्ट्यात याला कोणी लबाडी म्हणत नाही. पद्धत म्हणतात. लबाडी जास्त दिवस टिकली की तिला आपल्याकडे पद्धत म्हणतात आणि तिच्यासाठी वेगळं रजिस्टर ठेवतात.

सतराव्या महिन्यात नवे अधिकारी आले. तरुण होते, परीक्षा देऊन लागलेले, टेबलावर स्वतःच्या नावाची पाटी. त्यांनी भावाला सांगितलं, पुढच्या वेळी नोकरीचा पुरावा घेऊन ये.

इथे माझी चूक येते आणि ती मी लपवणार नाही. आमच्यासारख्या घरांत सरकारी माणसाने एक कागद मागितला की आपण सगळी पिशवी देतो. आई अजून तसंच करते. रेशनच्या दुकानात मोबाईल नंबर विचारला तरी पिशवीतून माझं दहावीचं मार्कलिस्ट बाहेर येतं. जास्त कागद म्हणजे जास्त खरा माणूस, असा आमचा समज. मी शिकलेली. आमच्या खानदानात कॉलेज संपवणारी पहिली, राजगुरुनगरहून बी.कॉम. केलेली, आणि मोशीच्या एका छोट्या कंपनीत क्वालिटीचे कागद सांभाळते. ऑडिटला फाईल कशी लावायची हे मी मॅनेजरला शिकवते. तेव्हा पिशवी द्यायला मला लाज वाटली. मी फाईल केली. तिन्ही फर्मची नेमणूकपत्रं, तिन्ही राजीनामे, पीएफचा उतारा, सगळं तारखेच्या क्रमाने, मध्ये रंगीत चिठ्ठ्या लावून. आईने पिशवी दिली असती तर अधिकाऱ्यांनी कंटाळून पहिला कागद बघून परत केली असती. मी दिलेल्या फाईलमध्ये त्यांना एका मिनिटात दिसलं, तीन वेळा नोकरी बदलली, परवानगी एकदाही नाही, आणि मधे पंधरा-पंधरा दिवस हा माणूस कुठे होता कोण जाणे.

"फाईल छान लावली," ते भावाला म्हणाले. हे त्याने मला घरी येऊन आनंदाने सांगितलं.

महिन्याभरात समन्स आलं. अधिकाऱ्याने कोर्टाला अहवाल पाठवला होता. वारंवार नोकरी बदलतो, माहिती दडवतो, अधूनमधून ठावठिकाणा नसतो. मॅजिस्ट्रेटपुढे भाऊ उभा राहिला. आम्हाला मोफत मिळालेले वकील त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात होते. साहेबांनी विचारलं, "या तीन नोकऱ्या केल्या का?" भाऊ म्हणाला, "व्हय." तो पुढे काही बोलणार तोवर टायपिस्टची बोटं थांबली होती. बाँड रद्द. एक वर्ष सक्तमजुरी. अपील करायला एक महिन्याची मुदत आणि तोवर जामीन.

एका दातासाठी नव्हे, लक्षात घ्या. दात माफ झाला होता. हे वर्ष दोरीच्या रंगाचं होतं.

घरी आई भिंतीला टेकून बसली. "म्या म्हणलं हुतं, कागद दावू नका," ती म्हणाली. असं ती कधीच म्हणाली नव्हती. भाऊ चप्पल न काढता दारात बसून होता. "आक्का, आत गेलो तर प्रेस दुसऱ्याला देतील का गं?" त्याची चिंता ही. मी त्याला म्हटलं, "तुला जेलात घालायला निघालेत आणि तुला प्रेसचं पडलंय?"

"मग कशाचं पडावं? येऊन पुन्हा तेच करायचंय की."

पैसे देऊन केलेले वकील कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली बसायचे. माझ्या वडिलांच्या वयाचे, कपाळाला गंध, आणि दर वाक्याला "ताई, टेन्शन घेऊ नका." अपिलाचा मसुदा त्यांनी दुसऱ्या कुठल्यातरी अपिलावरून उतरवला होता, हे मला दुसऱ्याच पानावर कळलं.

"काका, इथं लिहिलंय की हा घरातला एकमेव कमावता आहे."

"हो, मग?"

"मी कमावते. त्याच्यापेक्षा जास्त."

"ताई, तसं लिहायचंच असतं."

"पुढं लिहिलंय, वृद्ध वडिलांची जबाबदारी. वडील जाऊन नऊ वर्षं झाली."

त्यांनी चष्मा वर केला. "असू द्या हो. कुणी तपासतंय?"

हेच तर. कुणी तपासत नाही, या एका भरवशावर हा सगळा कारखाना चालतो. कंत्राटदार त्याच भरवशावर फर्म काढतो, कंपनी त्याच भरवशावर सही करते, वकील त्याच भरवशावर मेलेला बाप जिवंत करतो. आणि तपासलं गेलंच तर फक्त माझ्या भावाला, कारण त्याच्या बहिणीने फाईल नीट लावली होती.

मी त्या रात्री परिविक्षेचा कायदा वाचला. मोठा ग्रंथ नाही. मोबाईलवर वाचता येईल एवढा आहे, शिफ्टच्या बसमध्ये चाकणपासून मोशीपर्यंत संपावा. इंग्रजी अवघड होतं, पण मी शब्द अडला की थांबणारी आहे, उडी मारणारी नाही. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की अट मोडली तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं, किंवा पहिल्यांदाच मोडली असेल तर बाँड तसाच चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करू शकतं. पन्नास रुपये. मी तीनदा वाचलं. एका बाजूला एक वर्ष, दुसऱ्या बाजूला पन्नास रुपये, आणि मधे 'किंवा'. मॅजिस्ट्रेटने 'किंवा'च्या पलीकडे पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वकिलांना दाखवलं.

"हे कुठं मिळालं तुम्हाला?" ते म्हणाले.

"कायद्यात."

त्यांनी मोबाईल लांब धरून वाचलं, मग स्वतःच्या कारकुनाकडे बघून म्हणाले, "हे आपण घालणारच होतो." पण त्यांनी मेलेले वडील मसुद्यातून काढले, हे सांगायला हवं.

तरी ते म्हणाले ते बरोबर होतं. नुसतं कलम दाखवून भागणार नव्हतं. हा माणूस तोंड लपवून फिरत नव्हता, त्याच जागी होता, हे दाखवावं लागणार होतं. म्हणजे कंपनीने लिहून द्यायचं, हा आमच्या प्रेसवर सलग आहे.

मी सुट्टी काढून कंपनीत गेले. एचआरचा माणूस माझ्याच वयाचा होता, गळ्यात कायम कामगारांची लाल दोरी. चहा मागवला, दोनदा 'मॅडम' म्हणाला.

"हा आमचा एम्प्लॉयी नाहीये, मॅडम."

"मग तुमच्या प्रेसवर कोण आहे?"

"ते वर्कमन कॉन्ट्रॅक्टरचे."

"कोणत्या कॉन्ट्रॅक्टरचे? तिघांपैकी?"

तो हसला. "तुम्हाला सगळं माहीत आहे."

"मग एवढंच लिहा की गेलं दीड वर्ष तो सलग याच मशीनवर आहे. दुसरं काही नको."

त्याने दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, मी तसं लिहून दिलं तर उद्या लेबर ऑफिसात तो कागद आमच्याच तोंडावर मारतील. सलग आहे म्हटलं की संपलं. तुमचा भाऊ चांगला ऑपरेटर आहे, मला वैयक्तिक वाईट वाटतं."

म्हणजे जे खरं सांगितल्याने माझा भाऊ घरी राहणार होता, तेच खरं नाकारण्यावर यांचा कारखाना उभा होता. आणि या मुलाला ते स्वच्छ कळत होतं. मला मूर्खांचा राग येत नाही. सगळं कळून चहा पाजणाऱ्यांचा येतो. "तुमचे वडील काय करतात?" मी विचारलं.

"का? शेती."

"मग तुम्ही पण घरातले पहिलेच असाल शिकलेले."

"हो."

"छान. घरी सांगा, आज काय काम केलं ते."

चहा तसाच ठेवून मी उठले. बाहेर आल्यावर वाटलं, असं बोलून भावाचं काही भलं झालं नाही. पण काही वाक्यं गिळली तर आजारी पडायला होतं.

कंत्राटदाराला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, आपण सगळे एकाच घरचे. पण कागदाचं काही बोलू नका." मी विचारलं, तुमच्या बायकोला तरी माहीत आहे का, तिच्या फर्ममध्ये चारशे माणसं आहेत ते? त्याने फोन ठेवला.

अपील दाखल करायला सहा दिवस राहिले होते. संध्याकाळी आई भाजीला फोडणी देत होती आणि मी तिच्यामागे बसून मसुदा वाचत होते. गॅसच्या मागे भिंतीला तेल उडू नये म्हणून तिने एक जाड प्लॅस्टिकचा कागद उभा केलेला होता. हळद, मोहरी, तेल यांनी तो पिवळा-काळा झाला होता. माझं लक्ष गेलं ते त्यावरच्या एका शिक्क्यामुळे.

"आई, हे काय गं?"

"ते व्हय? त्याला कंपनीत मिळालं हुतं. डब्याबरुबर. डबा मी गावाला दिला मावशीला. ह्ये चिवट हाय, पुसलं की निघतंय."

मी गॅस बंद केला आणि तो कागद ओढून घेतला. कंपनीत कामगाराने कामात काही सुधारणा सुचवली की त्याला कायझेन म्हणतात, आणि महिन्याला एकाला स्टीलचा डबा आणि लॅमिनेट केलेलं प्रशस्तिपत्र देतात. भावाने प्रेसखालच्या पेटीला जुन्या सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधला होता, म्हणजे भाग पडताना त्याला पोचा येत नाही. त्याचं पूर्ण नाव, प्रेसचा नंबर, प्लांटच्या प्रमुखाची सही, आणि तारीख. तारीख दुसऱ्या ब्रेकच्या बरोबर मधली. राजीनामा देऊन नऊ दिवस झालेले, नवीन फर्ममध्ये रुजू व्हायला सहा दिवस बाकी. म्हणजे कागदोपत्री जो माणूस बेकार होता आणि अधिकाऱ्याच्या अहवालात ज्याचा ठावठिकाणा नव्हता, त्याला कंपनीच्या सगळ्यात मोठ्या साहेबाने त्याच प्रेससमोर उभं करून डबा दिला होता.

"अरे, हे सांगितलं का नाहीस?" मी भावाला ओरडले.

"डब्याचं काय सांगायचं कोर्टाला?" तो म्हणाला.

वकिलांनी ते नाकाजवळ नेलं. "लसूण?"

"फोडणी."

"चालेल," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा मला ते वकील वाटले. अपिलात नवा पुरावा द्यायचा तर वेगळा अर्ज लागतो. तो त्यांनी स्वतः, कुणाचा न उतरवता लिहिला.

वरच्या कोर्टात न्यायाधीश बाई होत्या. आमचा नंबर जेवणानंतर लागला. सरकारी वकील उभे राहून म्हणाले की कागद बोलतात, तीन नोकऱ्या, तीन राजीनामे, परवानगी शून्य. कागद बोलतात हे वाक्य त्यांना आवडलं असावं, दोनदा म्हणाले. मग आमच्या वकिलांनी ते प्रशस्तिपत्र पुढे दिलं. बाईंनी ते दोन बोटांत धरलं.

"हे डाग कसले?"

"घरगुती स्वरूपाचे आहेत, मॅडम," आमचे वकील म्हणाले.

मागे कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तारीख राजीनाम्याशी ताडून पाहिली, मग भावाला पुढे बोलावलं.

"पहिल्या नोकरीत मशीन कोणतं होतं?"

"प्रेस, मॅडम. अडीचशे टनाचा."

"दुसऱ्या नोकरीत?"

"त्योच."

"आणि तिसऱ्या?"

"त्योच की. मशीन कुठं बदलतंय मॅडम, दोरी बदलती."

"कसली दोरी?"

भावाने खिशातून गेटपास काढला आणि दाखवला. ही आता निळी. आधी पिवळी. त्याआधी हिरवी. तीन-चार वाक्यांत त्याने सगळं सांगितलं, जे मी आठ पानांत लिहून दिलं होतं. सरकारी वकील म्हणाले की हा प्रश्न कामगार कायद्याचा आहे, इथला नाही. बाई म्हणाल्या, "ऐकतेय मी."

निकालाला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत भावाने तीन पँटी धुऊन, घडी करून एका पिशवीत ठेवल्या होत्या. तुरुंगात स्वतःचे कपडे चालत नाहीत, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. एक वर्षाची शिक्षा रद्द. बाँड पुढे चालू. अपिलार्थी पळून गेलेला नव्हता, एकाच ठिकाणी काम करत होता, त्याचा हेतू वाईट नव्हता. परंतु मालक बदलल्याचे कळवायला हवे होते, ते त्याने कळवले नाही. पहिलीच चूक. दंड पन्नास रुपये.

आईने कोर्टाच्या पायरीलाच हात लावून नमस्कार केला. भाऊ दंड भरून पावती खिशात घालून आला तेव्हा रडत होता. वकील म्हणाले, "ताई, म्हटलं होतं ना, टेन्शन घेऊ नका." सगळे खूश होते. मी तो निकाल परत वाचत उभी होते. सोळा पानं. त्यात माझ्या भावाची चूक होती. कंत्राटदाराची नव्हती. कंपनीची नव्हती. कंपनीचं नाव फक्त एकदा आलं होतं, प्रशस्तिपत्र देणारी म्हणून.

"आक्का, पन्नास रुपयात सुटलो, आता तोंड का वाकडं?" भाऊ म्हणाला.

"चूक तुझी नव्हती."

"आगं पन्नास रुपयं."

"पाच जरी असते तरी चूक तुझी नव्हती."

त्याने माझ्याकडे पाहिलं, जसं आपण रिकाम्या घराचं कुलूप तीनदा ओढून बघणाऱ्या माणसाकडे बघू. वडापाव खायला गेले ते सगळे. मीही गेले. उपाशी राहून कुणाला धडा मिळत नाही.

पुढचे सात महिने भरून ब्रेक आला तेव्हा बाँडचा एक महिना उरला होता. या वेळी कंत्राटदाराचा माणूस नव्या फर्मचा फॉर्म घेऊन आला नाही. सकाळी गेटवरच्या वॉचमनने भावाची निळी दोरी काढून घेतली आणि म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, कोर्टात कागद नेणारे नकोत." या वेळचा ब्रेक खरा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कागद आणि माणूस जुळले.

भावाने मला गेटवरून फोन केला. मी विचारलं, किती वेळ झाला तुला सांगून? तो म्हणाला, दहा मिनिटं. अटीत लिहिलं होतं, नोकरी बदलण्यापूर्वी कळवायचं. आता हे पूर्वी कसं करायचं, हे लिहिणाऱ्याला कधी सुचलं नसणार, कारण त्याला कोणी गेटवर दोरी उतरवून घरी पाठवलेलं नाही. मी माझ्या मॅनेजरला सांगितलं, डोकं दुखतंय. कंपनीच्या प्रिंटरवर अर्ज काढला. भावाला नाशिक फाट्यावर उतरायला सांगितलं आणि दुचाकीवर मागे बसवून शहरातल्या ऑफिसात घेऊन गेले. साडेदहा वाजता पोचलो.

नाव-पाटीवाले अधिकारी होते. त्यांनी अर्ज वाचला.

"पूर्वी कळवायला पाहिजे."

"आम्हाला कधी कळलं ते वर लिहिलंय. सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटं."

"हे सगळं कशाला लिहिलंत?" त्यांनी पेन अर्जावर ठेवलं. मी लिहिलं होतं की इतके महिने एकाच प्रेसवर काम केलं, फर्म फक्त कागदावर बदलत होत्या, आणि न्यायालयात ते सिद्ध केल्यामुळे काम काढून घेतलं. "एवढ्याची गरज नाही, मॅडम. 'वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडली' असं लिहा, सोपं जातं. पुढं त्यालाच दुसरीकडं लागताना अडचण नको."

हा सल्ला वाईट नव्हता, हे मी मान्य करते. मी भावाकडे पाहिलं. नोकरी त्याला शोधायची होती, मला नाही. या वेळी मी फाईल लावून त्याच्या हातात देणार नव्हते.

दोन वर्षं 'नाही सायेब, व्हय सायेब' एवढंच बोललेला माझा भाऊ टेबलाजवळ सरकला. "मी नाही सोडली सायेब," तो म्हणाला. "काढलं मला. हाय तसंच राहू द्या."

अधिकाऱ्याने खांदे उडवले. मी म्हटलं, पोच द्या, तारीख आणि वेळेसकट. त्यांनी शिक्का मारला आणि वेळ लिहिली. भावाने ती प्रत घेतली, घडी घातली नाही, तशीच सरळ हातात धरून बाहेर आला.

"आता?" मी विचारलं.

"तळेगावला एका शॉपमध्ये प्रेसवर माणूस पाहिजे म्हणतायत," तो म्हणाला. "लागलो तर परत इथं यावं लागंल, सांगायला."

"लागायच्या आधी यावं लागेल."

"व्हय," तो म्हणाला. "आधी."